परत न मागितलेले दिवस

एदुविना,

तुला वाचता यायचं ते मिठाच्या पुड्यावरचं नाव आणि स्वतःची सही, एवढंच. तू जिवंत असतीस तर हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं आणि तू अर्ध्यावर उठून मेंढ्या बघायला गेली असतीस. आता तर तोही प्रश्न मिटला. तरी तुलाच लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगायला बसले की माझं भाषण होतं, आणि भाषणं मी शाळेत पुरेशी केली.

तू गेल्यावरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत देवळातल्या सोफानोरनं तुला संत म्हटलं. मला संताप आला. तू संत नव्हतीस. देवळात तू घोरायचीस. माझ्या कोंबड्या तुझ्या वाफ्यात शिरल्या की त्यांना दगड मारायचीस, आणि नेमही चांगला होता तुझा. तुझ्याइतकी अडेल बाई मी दुसरी पाहिली नाही. अडतीस वर्षं पोरं शिकवलीत मी, अडेलपणा मला कळतो. एखादीला संत म्हटलं की बाकीची माणसं सुटतात. संतच ती, ती करणारच, असं म्हणून घरी जाऊन जेवायला मोकळी. मला तसं सुटायचं नाही.

मी आयुष्यभर सांगत आले की माणूस जे काही करतो ते शेवटी स्वतःसाठीच करतो. शिकून, वाचून, विचार करून सांगत आले. आणि तू, दुसरी इयत्ता अर्धवट सोडलेली बाई, मला तोंडघशी पाडून गेलीस.

एवढं लिहून इस्मेनिया बार्रियानं पेन खाली ठेवलं. नुसतं 'तू, तू' करत राहिलं तर एदुविना चिग्वाय कोण होती ते वाचणाऱ्याला कधी कळायचंच नाही, हे तिच्या मास्तरीणबाईच्या डोक्यात लगेच आलं. तेव्हा गोष्ट सरळ सांगायला हवी, पहिल्यापासून.

एदुविना किल्केन या खाडीकाठच्या गावची. खाडीच्या वरच्या अंगाला, जिथं समुद्रावरचा वारा थेट येऊन भिंतीवर आदळतो, तिथं तिचं लाकडी घर. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा पहिल्याच उन्हाळ्यात मेंढ्यांची लोकर कातरायला पातागोनियात गेला आणि तिकडचाच झाला. दोन वर्षांनी रेडिओवर त्याचा निरोप आला, 'तब्येत ठीक आहे.' बस. एदुविना तेव्हा बटाटे खणत होती. शेजारणीनं धापा टाकत येऊन निरोप सांगितला, तर ही म्हणाली, "बरं झालं, ठीक आहे ते," आणि पुढची सरी खणायला घेतली. मूलबाळ नाही. अकरा मेंढ्या, बटाट्याचं एक शेत, ओहोटीला वाळूतून उकरायच्या शिंपल्या. संसार म्हणायचा तो इतकाच.

आणि मिंगा. किल्केनमध्ये मोठं काम कुणी एकट्यानं करत नाही आणि मजूर लावूनही करत नाही. छप्पर घालायचं असो, बटाटे काढायचे असोत की राहतं घर उचलून दुसरीकडे न्यायचं असो, माणूस मिंगा बोलावतो. पण बोलावणं कसंही चालत नाही. घरधन्यानं स्वतः दारोदार जाऊन साकडं घालायचं असतं. जायचं, चुलीपाशी टेकायचं, नळीनं कडवट मातेचा काढा ओढायचा, हवापाण्याचं बोलायचं, मेंढ्यांची चौकशी करायची, आणि उठून दारापर्यंत गेल्यावर, जसं काही आत्ताच आठवलं अशा थाटात म्हणायचं, "शेजारी, तुम्हाला साकडं घालायला आलो होतो." साकडं घातलं की नाही म्हणता येत नाही. आणि साकडं घातलं नसेल तर जाता येत नाही. न बोलावता दुसऱ्याच्या कामाला हात लावणं म्हणजे त्याला तोंडावर भिकारी म्हणणं. काम संपलं की घरधनी आपल्या चुलीवरचं पोटभर वाढतो, आणि ज्याचा दिवस घेतला त्याला दिवस परत देणं लागतो. तू माझ्या छपराला आलास, मी तुझ्या बटाट्यांना येईन.

एदुविनानं चाळीस वर्षांत एकही दिवस परत मागितला नव्हता. तिच्याकडे साकडं घालायला मात्र कुणी विसरत नसे, कारण तिच्यासारखी पाचर लावणारी सबंध किनाऱ्यावर नव्हती.

घर ओढताना सगळ्यांचे डोळे पुढे असतात. पुढे बैल, दहा-दहा, बारा-बारा जोड्या, ताणलेले दोर, हाळ्या देणारे बाप्ये, त्यांच्यावर ओरडणाऱ्या बायका. मागे काय चाललंय तिकडे कोण बघतो? मागे, घराखाली सारलेल्या दोन लांब ओंडक्यांपाशी, लुमाच्या टणक लाकडाची पाचर हातात धरून एक माणूस कमरेत वाकून चालत असतं. बैल दम खायला थांबले की त्याच क्षणी पाचर ओंडक्याखाली गेली पाहिजे. नाही गेली तर चढावर घर मागे सरकतं आणि बैलांनाही मागे खेचतं. पाचर बरोबर लागली तर काहीच घडत नाही. आणि काहीच न घडल्याबद्दल टाळ्या कोण वाजवणार? चाळीस वर्षं एदुविना ते काहीच न घडणं घडवत होती.

इस्मेनिया चौदाव्या वर्षी शिकायला वाल्दिव्हियाला गेली, मग कास्त्रोला मास्तरीण झाली, आणि निवृत्त होऊन बापाच्या घरी परत आली. आल्या आल्या तिला एदुविनाचा हा प्रकार समजला आणि तो तिच्या डोक्यात कुसळासारखा बसला. तिचा चुलतभाऊ एर्मिंदो रविवारी जेवायला यायचा. दोघांचं बोलणं हटकून त्याच विषयावर जायचं.

"चिचासाठी येते ती," एर्मिंदो म्हणाला. "मिंग्यात सफरचंदाची आंबवलेली चिचा फुकट असते."

"पोटात व्रण आहे तिच्या. थेंब घेत नाही."

"मग स्वर्गासाठी."

हे इस्मेनियाला पटण्यासारखं होतं. तिनं लगेच चौकशी केली. सोफानोर हा देवळाचा फिस्काल. पाद्री वर्षातून दोनदा लाँचीनं येतो, बाकी बाप्तिस्म्यापासून मर्तिकापर्यंत सगळं सोफानोरच बघतो. तो म्हणाला, "बाई, मीच तिला म्हटलं होतं, एदुविना, तुझी स्वर्गात मोठी जागा धरून ठेवलीये देवानं. तर मला विचारते, तिथं घरं ओढतात का? मी म्हटलं, नाही गं, तिथं सगळं जागच्या जागी असतं. तर म्हणाली, मग मला तिथं काय काम?"

"मग नावासाठी," पुढच्या रविवारी एर्मिंदोनं तिसरं काढलं. "लोकांनी वा वा करावी म्हणून."

"जेवणं सुरू व्हायच्या आत निघून जाते ती. मेंढ्या बांधायच्या असतात म्हणे. वा वा करायला समोर असते कुठं?"

"तोच तर गर्व! न थांबण्याचा."

"म्हणजे थांबली असती तर नावासाठी, आणि न थांबली तर गर्वासाठी?"

"अगं इस्मे, तूच तर शिकवायचीस. तिला बरं वाटतं म्हणून करते. बरं वाटून घेणं हा स्वार्थच की!"

इस्मेनियानं शिकवलं होतं खरं. फळ्यावर लिहून शिकवलं होतं. पण स्वतःचंच वाक्य एर्मिंदोच्या चरबी लागलेल्या तोंडून ऐकताना तिला ते कसंसंच वाटलं. ज्या चाळणीला भोकंच नाहीत तिच्यातून काही खाली पडत नाही हे खरं, पण म्हणून ती चाळण झाली का? हे तिला नंतर सुचलं. त्या वेळी ती एवढंच म्हणाली, "खा गुमान."

मग समुद्र तिच्या घरापर्यंत आला. दरवर्षी कडा हातभर ढासळायचा, त्या वर्षी दीड वाव गेला आणि इस्मेनियाचा मागचा ओटा हवेत लोंबू लागला. घर आत, टेकडीच्या पोटाशी न्यायलाच हवं होतं. म्हणजे साकडं. आणि इस्मेनियाचा कुणावरही एक दिवस नव्हता. अडतीस वर्षं कास्त्रोत काढलेल्या बाईनं कुणाचे बटाटे काढले होते? देवाणघेवाणच सगळी असेल, तर कुणी येण्याचं कारण नव्हतं. तिनं मनाची तयारी करून पहिलं दार एदुविनाचं वाजवलं. चुलीपाशी बसली, माते घेतला, पण हवापाण्याचं बोलायचा धीर तिच्यात कधीच नव्हता. बसल्या बसल्याच म्हणाली, "घर ओढायचंय. येशील?"

एदुविना हसली. "दारात तरी जायचंस आधी. येईन की. कुठल्या अंगानं चढवणार?"

फेब्रुवारीत बारा जोड्या आल्या. आता ही माणसं का आली, तर एदुविना येणार म्हणून आली, हे एर्मिंदोनंच नंतर कबूल केलं; ती मागे असली की पुढच्यांना धीर असतो. खिडक्या काढल्या, कुमारी मरियेची मूर्ती सोफानोरनं कडेवर घेतली आणि घर निघालं. टेकडीच्या चढावर मधला दोर तुटला. घर कुरकुरलं, वीतभर मागे आलं आणि थांबलं. थांबलं म्हणून सगळ्यांनी मोठ्यानं हाळी दिली, नवा दोर बांधला आणि तासाभरात घर जागेवर बसलं.

त्या दिवशी एदुविना जेवणाला थांबली. सगळ्यांना नवल वाटलं. डावा हात एप्रनच्या खिशात ठेवून ती उजव्या हातानं बटाटे वाढत फिरत होती. "मास्तरीणबाईंच्या घरचं म्हणून थांबलीस होय?" कुणीतरी चिडवलं. "हो तर," ती म्हणाली, "आम्ही गेलो नाही कधी बाईंच्या शाळेत, निदान जेवणावळीत तरी पास होऊ."

चौथ्या दिवशी इस्मेनिया तिच्याकडे पाव घेऊन गेली, तर डाव्या हाताला पांढरं बँडेज.

"काय झालं हाताला?"

"काही नाही. बोट गेलं. करंगळी, आणि शेजारच्याचं टोक."

"कधी?"

"तुझं घर मागे आलं ना, तेव्हा. पाचर पूर्ण बसली नव्हती, मग हात तसाच ठेवावा लागला."

इस्मेनियानं हातातला पाव बाकावर ठेवला. म्हणजे ही बाई चिरडलेलं बोट फडक्यात गुंडाळून, खिशात घालून, दोन तास वाढत होती. दुसऱ्या दिवशी एकटीच लाँचीनं कास्त्रोच्या दवाखान्यात जाऊन टाके घालून आली होती.

"अगं, बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर जेवण राहिलं असतं ना सगळ्यांचं," एदुविना म्हणाली. "आणि तू रडली असतीस. तुला रडलेलं शोभत नाही. लहानपणी पण शोभायचं नाही."

घरी येताना इस्मेनियानं आपलं सगळं शिक्षण पणाला लावलं. यात हिचा फायदा कुठला? शाबासकी? कुणाला कळलंच नाही. बरं वाटणं? चिरडलेल्या बोटानं कुणाला बरं वाटतं? ती रस्त्यात उभी राहिली आणि नव्या जागेवर बसलेल्या आपल्या घराकडे बघत राहिली. घराचं वजन किती असेल याचा तिनं आजवर विचारच केला नव्हता. ते सगळं वजन काही क्षण एका बाईच्या दोन बोटांवर टेकलं होतं, आणि तिनं हात काढून घेतला नव्हता. उन्हात उभ्या इस्मेनियाच्या अंगावर काटा आला. देवळात तिला असं कधी झालं नव्हतं.

पण इस्मेनिया ही इस्मेनियाच. भारावून गप्प बसणं तिच्या रक्तात नाही. तिला परतफेड करायची होती, आणि ती झाल्याशिवाय जेवण गोड लागेना. परतफेडीला जागाही होती. एदुविनाचं छप्पर कुजलं होतं. आतल्या खोलीत तीन ठिकाणी बादल्या आणि खाटेवर मेणकापड. खोकला तर तिला मार्चपासूनच लागला होता. हा हिवाळा त्या छपराखाली ती काढणार नाही, हे कुणीही सांगितलं असतं.

"मिंगा बोलाव."

"नको."

"अख्खं गाव तुझे दिवस देणं लागतं! चाळीस वर्षांचे!"

"लागत असेल. मी नाही साकडं घालत."

"का पण?"

"मला जमत नाही ते. दारात जाऊन वळले की जीभ उचलत नाही." तिनं खोकून घेतलं. "बादल्या आहेत ना, इस्मे. तू का एवढी तापतेस?"

एर्मिंदोला हे कळल्यावर तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "बघ! गर्वच!" इस्मेनियानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिनं ठरवलं होतं. हिवाळ्याच्या तोंडावर, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती अकरा घरांत गेली. अकराही घरांत, आयुष्यात पहिल्यांदा, तिनं हवापाण्याचं बोलणं पूर्ण केलं, मेंढ्यांची चौकशी केली, आणि दारात उभं राहून म्हणाली, "एदुविनानं मला पाठवलंय. तिचं साकडं आहे, छपराचं." दुसऱ्यानं साकडं घालायचं ते फक्त घरधनी अंथरुणाला खिळला असेल तर. लोकांना वाटलं, एदुविना आजारी पडली. कुणाच्याच मनात शंका आली नाही. खोटं साकडं घालावं असं किल्केनमध्ये कुणाला सुचलंच नसतं. मेलेल्याची खोटी सही करण्यासारखं आहे ते. इस्मेनियाला सुचलं, कारण ती घाईत होती. पत्रे आणि खिळे तिनं कास्त्रोहून मागवले. जेवणाचाही विचार केला. एदुविनाला तोशीस नको म्हणून पहाटेपासून स्वतःच्या चुलीवर मटणाचं भलं मोठं पातेलं चढवलं.

शनिवारी सकाळी एकतीस माणसं शिड्या, हातोडे घेऊन आली. एदुविना ओहोटी साधून शिंपल्या उकरायला खाली गेली होती. आजारी बाई शिंपल्या उकरायला जाते? लोकांनी एकमेकांकडे बघितलं, पण छप्पर समोर होतं आणि आभाळ कोरडं होतं. कामाला लागले. दुपारपर्यंत जुनं सगळं उतरलं आणि अर्धे पत्रे चढले. मग इस्मेनियाचं पातेलं गाडीवरून आलं.

लोकांनी टोप्या काढल्या, हात धुतले, बसले. कुणी ताट पुढे केलं नाही.

"घ्या ना," इस्मेनिया म्हणाली.

एर्मिंदोनं खाली बघत विचारलं, "हे कुणाच्या चुलीवरचं, इस्मे?"

"माझ्या. काय फरक पडतो?"

फरक पडत होता. ज्याच्या चुलीवरचं खाल्लं त्याला दिवस दिला. हे मटण खाल्लं तर आजचा दिवस इस्मेनियाचा, आणि एदुविनाच्याच दारात बसून तिचा अपमान झाला असता. एक म्हातारा उठला. "बाई, साकडं नक्की एदुविनाचंच होतं ना?" त्यानं विचारलं, आणि सगळे इस्मेनियाकडे बघू लागले. अडतीस वर्षं जी पोरांच्या थापा पहिल्या वाक्यात ओळखायची, ती बाई एकतीस माणसांसमोर तोंड उघडं टाकून उभी राहिली.

तेवढ्यात खालून एदुविना वर आली. पाठीवर शिंपल्यांची टोपली, गुडघ्यापर्यंत ओली. तिनं उघडं पडलेलं घर बघितलं, शिड्या बघितल्या, पातेलं बघितलं, मग इस्मेनियाचं तोंड बघितलं. फार वेळ लागला नाही तिला. ओंडका मागे सरकू लागला की पाचर सारायला जेवढा लागायचा तेवढाच.

"बसा, बसा की," ती म्हणाली. "मला उशीर झाला, ओहोटी आज लांबली. हिला मीच पाठवलं होतं. माझ्या घशानं कुठं बोलवत होतं? आणि इस्मे, ते तुझं मटण बाजूला ठेव. म्हटलं होतं ना तुला, माझ्या घरी आहे सगळं."

घरी काही नव्हतं. होतं ते माळ्यावर, पेंढ्यात झाकलेलं सप्टेंबरच्या पेरणीचं बियाणं. तिनं शिडी लावली आणि टोपल्या खाली द्यायला सुरुवात केली. लाल बटाटे, जांभळे, लांबट, आईच्या वेळचे काळे वाकडे. बायकांनी बघितलं आणि त्यांना कळलं. बियाण्याचे डोळे फुटायला लागलेले कुणालाही कळतात. कुणी बोलून दाखवलं असतं तर तिनं मांडलेलं सगळं मोडलं असतं. बायकांनी बाह्या वर केल्या आणि बटाटे किसायला बसल्या. तिनं एक मेंढी कापली. शिंपल्या उकडल्या. चरबी घातलेल्या मिल्कावच्या, म्हणजे किसलेल्या बटाट्याच्या, जाड भाकऱ्या तव्यावर पडत राहिल्या आणि एकतीस माणसं एदुविनाच्या चुलीवरचं जेवली. इस्मेनियापण जेवली. एदुविना समोर उभी राहून बघत होती. "खा गं. पाहुणी नाहीस तू, कामाची आहेस." संध्याकाळी छप्पर पुरं झालं.

दुसऱ्या दिवशी इस्मेनिया माफी मागायला गेली. बादल्या दाराबाहेर पालथ्या घातलेल्या होत्या.

"मी मूर्खपणा केला. तुझं सगळं बियाणं गेलं."

"छप्पर झालं की. कमी तर नाही ना पडलं कुणाला?"

"तू मला तोंडघशी पडू दिलं असतंस तरी चाललं असतं. बरोबरच होतं ते."

"हो, चाललं असतं," एदुविना म्हणाली. तिला तो विचार नवा वाटला असावा. "सुचलं नाही."

मग इस्मेनियानं सरळच विचारलं. तिरकं तिला येत नाही. "एदुविना, हे सगळं तू का करतेस? खरं सांग. मला फसवू नकोस आणि स्वतःलाही नको."

एदुविना ओशाळली. चालताना पहिलं पाऊल कुठलं टाकतेस असं कुणी विचारावं तशी. तिनं चुलीतलं लाकूड सारखं केलं.

"घरी बसून काय करू?"

"हे उत्तर नाही. पाचर लावतेस तेव्हा मनात काय असतं तुझ्या?"

"पाचर."

"आणि त्या दिवशी? बोट सापडलं तेव्हा?"

"तेव्हा तर पाचरच की. घर मागे येत होतं ना, इस्मे."

इस्मेनियानं याच्यावर खूप विचार केला. एर्मिंदोला तिनं हे सांगितलं नाही. त्यानं त्यातही काहीतरी शोधलं असतं. शोधणाऱ्याला सापडतंच. दुसऱ्याच्या मनातलं तिलाही माहीत नव्हतं, स्वतःच्या मनातलं मात्र आता स्वच्छ दिसत होतं. छप्पर तिनं एदुविनासाठी घातलंच नव्हतं. आपल्या मनावरचं ओझं उतरवण्यासाठी घातलं होतं, आणि ते ओझं उतरवायला दुसरीचं वर्षभराचं पीक लागलं होतं. म्हणजे तिचा सिद्धांत खरा होता. तिच्यापुरता शंभर टक्के खरा. फक्त खाडीच्या वरच्या अंगाला, नव्या पत्र्याखाली, दीड बोट कमी असलेली एक बाई होती, तिला तो लागू होत नव्हता. असं माणूस आपल्या हाकेच्या अंतरावर आहे, रोज खोकतं आहे, कोंबड्यांवर दगड भिरकावतं आहे, हे आठवलं की इस्मेनियाला हातातलं काम ठेवून थोडा वेळ उभंच राहावं लागे.

जुलैअखेर एक दिवस एदुविना तिच्याकडे आली. सहसा ती कुणाकडे जात नसे. चुलीपाशी बसली. माते घेतला. या वर्षी गारठा जास्त आहे म्हणाली. मग कोंबड्या कशा आहेत म्हणून विचारलं. इस्मेनियाला हसू आलं, पण एदुविना हसली नाही. लोकांनी बियाणं दिलं म्हणाली, प्रत्येकानं थोडं थोडं, न सांगता घरात आणून ठेवून गेले, लाल आहे, जांभळं आहे. मग परत गारठ्याचं बोलली. कप तीनदा भरून झाला. शेवटी उठली, शाल घेतली, दारापर्यंत गेली, कडीवर हात ठेवला आणि वळली. तिचे कान लाल झाले होते.

"इस्मे," ती म्हणाली, "तुला साकडं घालायला आले होते."

चाळीस वर्षांत हे वाक्य या बाईच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

"बोल."

"ते काळे वाकडे. आईच्या वेळचे. ते आता इथं कुणाकडेच नाहीत. समोरच्या लिनलिन बेटावर तेओलिंदाकडे आहेत, आईनंच दिले होते तिच्या आईला. मला लाँच लागते, उलट्या होतात, आणि हा खोकला. तू जाऊन अर्धी पिशवी आणशील? पेरणीच्या आत. नाही जमलं तरी चालेल."

"जमणार नाही म्हणजे काय! पुढच्या बुधवारीच जाते."

लाँच बुधवारी जाते. त्या बुधवारी वादळ होतं, बंदर बंद. त्याच्या पुढच्या बुधवारी इस्मेनियाची कंबर धरली होती. धरली होती खरी, पण चालता येत होतं. तिसऱ्या बुधवारी कास्त्रोहून जुन्या सहकारी बाई आल्या होत्या आणि त्यांना सोडून जाणं बरं दिसलं नसतं. मग सप्टेंबर लागला. आणखी एक बुधवार तसाच गेला, त्याचं कारण तिला आज आठवतही नाही. तोवर एदुविनानं लाल आणि जांभळे पेरून टाकले होते आणि काळ्यांची एक सरी मोकळी ठेवली होती. तिनं आठवण केली नाही. भेटली की कोंबड्यांबद्दल भांडायची, नेहमीसारखी. पुढच्या हिवाळ्यात खोकला छातीत उतरला.

तेओलिंदा लिनलिनला अजून आहे, आणि काळे वाकडे दरवर्षी लावते म्हणतात. इस्मेनिया अजून तिकडे गेलेली नाही.